सहावी पायरी

पाचव्या पायरीवरून तिने थेट सातवीवर पाय टाकला. गुडघा कुरकुरला, शिडी करकरली, आणि तिने वरच्या फळीवरचा खोका दोन्ही हातांनी पुढे ओढला. धूळ फुंकली. आतला दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा काखेत मारला आणि उतरतानाही सहावी पायरी तशीच सोडून दिली.

“एवढी ढांग टाकतेस, एक दिवस कंबर धरेल,” खालून घड्याळबाई म्हणाल्या.

“धरू दे. शिडी तरी कुणी धरतं का?”

घड्याळबाईंनी मान खाली घातली आणि टंकयंत्रावरची चालू ओळ पुढे नेली. तीस वर्षं त्या दहाच्या ठोक्याला दारात उभ्या राहत आल्या होत्या, म्हणून त्यांचं हे नाव. तिला स्वतःला मात्र सगळे लेक म्हणत. चिठ्ठीकाकांची लेक. शेहेचाळिशी गाठली, भांगाशी रुपेरी बट आली, तरी या तीन खोल्यांपुरती ती लेकच राहिली होती.

इंग्रजी शब्दांचा एक मोठा कोश आपल्या भाषेत उतरवायचं काम या तीन खोल्यांत चाले. शब्द जन्मला कुठे, कुठल्या शतकात कुणाच्या तोंडी कसा फिरला, वाटेत त्याने अंगरखे किती बदलले, हे सारं तळहाताएवढ्या चिठ्ठ्यांवर टिपलेलं होतं. चिठ्ठ्या जमवण्यात तीस वर्षं गेली आणि त्यातल्या निम्म्या तिच्या वडिलांच्या मुंगीएवढ्या अक्षरात होत्या. मग नोंदी लिहायला सुरुवात झाली, तिलाही आता अकरा वर्षं होऊन गेली होती आणि आत्ता कुठे चौथं अक्षर चालू होतं. शेवटच्या अक्षराला पोचू तेव्हा आपली नातवंडं पेन्शनीत निघालेली असतील, असं शंकासुर म्हणत. हे शंकासुर म्हणजे समोरच्या टेबलावरचे सहसंपादक. सूर्य उगवला असं कुणी म्हटलं तरी आधार काय, असं विचारणारे.

वडील गेले ते याच शिडीवरून. सहावी पायरी निखळली, ते मागे कोसळले आणि डोकं लोखंडी कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं. कार्यालयाने चौकशी केली. चौकशी म्हणजे मुख्य संपादकांनी, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, एका कागदावर चार ओळी लिहिल्या. त्यातली तिसरी तिला पाठ होती: ‘सदर कर्मचाऱ्याचा मृत्यू घाईमुळे तोल जाऊन झाला.’

घाई म्हणे. बुटाची नाडी बांधायला ज्याला दहा मिनिटं लागत, त्या माणसाला घाई. गाठ मनासारखी बसली नाही तर ते ती सोडत आणि पहिल्यापासून बांधत. लहानपणी शाळेला निघताना ती दारात उभी राहून पाढे म्हणे. बाबांचे दोन्ही बूट होईपर्यंत तिचे बारापर्यंतचे म्हणून होत.

नंतर कार्यालयाने वडिलांच्या जागी तिला घेतलं. लोक म्हणाले, सरांचं मन मोठं. वडिलांची खुर्ची, वडिलांचा टाक, वडिलांचा पेपरवेट, सगळं जिथल्या तिथे ठेवून ती बसली. कुणाला वाटलं, पोरगी शांत आहे. विस्तव राखेखाली झाकून ठेवला की चूलही शांतच दिसते. आईला जुन्या ओव्यांची सवय होती, जात्याची गरज नसताना तिला त्या सुचत. त्या पहिल्या वर्षी भांडी पुसता पुसता ती एकदा म्हणाली होती:

आसू सुकतो गं बाई, उशीच्या कडेला,
राग मुरतो गं बाई, काळजाच्या तळाला.

म्हणून झाल्यावर तिने लेकीकडे पाहिलं नव्हतं. कपाटात ताटली ठेवली होती, इतकंच.

आईचं दुखणं निराळं होतं. त्या दिवशी सकाळी तिनेच सांगितलं होतं, आज लवकर या, चष्मा आणायला जायचंय. नवा नंबर आला होता, काचा तयार होत्या, दुकान सहाला बंद होई. मग दुपारी निरोप आला आणि आठवड्याने तो चार ओळींचा कागद. आईने त्यातला एकच शब्द उचलला आणि अंगावर घेतला. पायरी सैल होती, बाबांनी तीनदा लेखी कळवलं होतं, त्या अर्जांच्या नकला बाबांच्या कपाटात निघाल्यात, हे सगळं लेकीने तिला परोपरीने सांगून पाहिलं. आई ऐकून घेई आणि म्हणे, सैल तर ती सहा महिने होती ना, मग त्याच दिवशी कशी पडली? मीच म्हटलं होतं लवकर या. तो चष्मा तिने कधी आणला नाही. अकरा वर्षं ती जुन्याच नंबरातून बघत होती. सुईत दोरा ओवायला लेक लागे, पेपर लेक वाचून दाखवी, आणि दारात कुणी आलं तर आई आवाजावरून ओळखी.

लेकीला जे हवं होतं ते एवढंच होतं. ज्याने ‘घाई’ हा शब्द लिहिला त्याने तो स्वतःच्या तोंडाने चार माणसांत परत घ्यावा. आणि दिवस थोडे होते. चौथं अक्षर पुरं झालं की मोठे सर निवृत्त होणार होते. सत्काराची भाषणं घड्याळबाईंनी टंकून ठेवली होती.

तिने गठ्ठ्याचा दोरा सोडला. गाठ बाबांची होती, एका ओढीत सुटणारी. वरच्या चिठ्ठीवर शब्द होता: डिओडँड.

शब्द तिने कधी ऐकला नव्हता. एकेक चिठ्ठी ती पुढ्यात मांडत गेली. मूळ लॅटिन, देवाला द्यायची ती वस्तू. इंग्लंडातला जुना कायदा. एखाद्या वस्तूमुळे माणूस मेला तर ती वस्तूच दोषी. गाडी असेल, घोडा असेल, बैल असेल, गिरणीचं चाक असेल. प्रेताजवळ पंच बसत, मारणारी वस्तू कोणती ते ठरवत, तिचं मोल करत, आणि मालकाला ती वस्तू किंवा तेवढं मोल सोडावं लागे. ते राजाकडे जाई आणि राजाने ते धर्मकार्याला लावायचं असे. चिठ्ठीच्या मागे बाबांनी पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘देवाचं नाव, राजाचा खिसा.’ ती किंचित हसली. पुढे आगगाडी आली. इंजिनाखाली माणसं मरू लागली आणि पंच इंजिनांवरच हा दंड बसवू लागले, तेव्हा इंजिनांचे मालक खडबडून जागे झाले. अठराशे सेहेचाळीस साली कायद्याने ती रीत मोडली. त्यानंतरच्या चिठ्ठ्यांत शब्द नुसता आठवणीपुरता यायचा, गावातून उठून गेलेल्या घराण्याच्या नावासारखा.

तिने सगळ्या चिठ्ठ्या दोनदा वाचल्या. मग उठून पाणी प्यायली. मग खिडकीशी उभी राहून शिडीकडे पाहत राहिली. नऊ पायऱ्या, आठ तेलकट काळ्या, एक फिकट. हिला कुणी जाब विचारला नव्हता. तिच्या मालकालाही नाही. सुताराने एक पायरी बदलली आणि तिसऱ्या दिवशी शिडी पुन्हा कामाला लागली.

शेवटची एक चिठ्ठी राहिली होती. तीही बाबांचीच. ‘वस्तू चालती असेल तर तिच्यासोबत जे जे हलत होतं ते सारं जायचं, अख्खी गाडी, घोड्यांसकट. पण गाडी उभी असेल, आणि माणूस चाकावर चढताना पडून मेला, तर फक्त चाक.’ समासात तीन शब्द: ‘न्याय बारीक आहे.’

नोंद लिहायला तिला तीन दिवस लागले. अर्थ लिहिला, इतिहास लिहिला, बाबांचं चाक जसंच्या तसं घेतलं. प्रतिशब्दापाशी शंकासुर डोकावले. देवदंड करून टाका, म्हणाले, कानाला कसा बसतो बघा. ती म्हणाली, कानाला बसतो पण अर्थाला नाही, हा देवाने केलेला दंड नव्हे, देवाला दिलेली वस्तू आहे. शंकासुरांना आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याने शंका काढलेली आवडली असावी. ते मान डोलावत परत गेले.

उरलं उदाहरण. प्रत्येक नोंदीखाली आपल्या भाषेतलं एक वाक्य द्यायचं, आणि तयार वाक्य सापडलं नाही तर लिहिणाऱ्याने रचायचं, असा नियम होता. ते वाक्य तिने एका दमात लिहिलं. टाक टेकवला तेव्हा कागदाला खाली भोक पडलं होतं.

गुरुवारी संध्याकाळी तिने आईला शब्दाचा अर्थ सांगितला. आई शेंगा सोलत होती, बोटांनीच चाचपून. म्हणाली, वस्तूला काय कळतंय गं, ती बिचारी जिथे ठेवली तिथे असते. थोड्या वेळाने म्हणाली, “मीच लवकर या म्हटलं होतं.” अकरा वर्षांत हे वाक्य तिने किती वेळा म्हटलं असेल. लेकीने उठून दिवा लावला. आईला त्याने फरक पडत नव्हता, पण लावला.

शुक्रवारी अकराला वाचन असे. हा मोठ्या सरांचा नेम. आठवडाभरात लिहून झालेल्या नोंदी ते स्वतः मोठ्याने वाचत, आणि आधी डोळ्यांखालून न घालता. वाचताना जीभ अडली तर लोकांच्या जिभेवर शब्द चढायचा कसा, असं त्यांचं म्हणणं. मध्येच थांबले तर नोंदीवर ‘थांबला’ असा शिक्का बसे आणि ती गठ्ठ्याच्या तळाशी जाई. पुन्हा वर यायला सहा महिने लागत. मात्र इतक्या वर्षांत ते तीनदाच थांबले होते आणि तिन्ही वेळा लिहिणाऱ्याच्या चुकीने. याचा त्यांना अभिमान होता. लेकीला तो चांगला ठाऊक होता. तिचा सगळा बेत त्याच अभिमानावर उभा होता.

ते वाचत आले. सत्तरीचा माणूस, पण आवाज घंटेसारखा. घड्याळबाई इतिवृत्त लिहून घेत होत्या. शंकासुर डोळे मिटून शंका शोधत होते. एक शब्द झाला, दुसरा झाला, पाचवा झाला. मग तिचा कागद वर आला.

अर्थ त्यांनी वाचला. इतिहास वाचला. पंच, घोडे, इंजिनं. चाकावरून पडलेला माणूस त्यांनी वाचला तेव्हा तिने बोटं टेबलाखाली एकमेकांत गुंतवली.

“उदाहरण,” ते म्हणाले. “कार्यालयातील शिडीची पायरी सैल असल्याचे प्रमुखाला...”

आणि आवाज बंद झाला.

पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली. घड्याळबाईंची पेन्सिल कागदावर टेकलेलीच राहिली. शंकासुरांनी डोळे न उघडताच, वर्षानुवर्षांच्या सवयीने विचारलं, “थांबला, सर?” मग डोळे उघडले, सगळ्यांचे चेहरे पाहिले, आणि जीभ चावली.

या क्षणाची उजळणी तिने इतक्या वेळा केली होती की पुढचं सगळं तिला तोंडपाठ होतं. ते लाल होतील. कागद भिरकावतील. हा कोश आहे, तक्रारवही नव्हे, असं म्हणतील. प्रत्येकाला तिचं उत्तर तयार होतं, पिशवीत तीन नकला होत्या.

“नाही,” मोठे सर म्हणाले. “पुन्हा वाचतो.”

त्यांनी वाक्य पहिल्यापासून घेतलं. “कार्यालयातील शिडीची पायरी सैल असल्याचे प्रमुखाला तीनदा लेखी कळवले होते, त्याने लक्ष दिले नाही, माणूस पडून मेला, पंचांनी ती शिडी डिओडँड ठरवली.” एकाही शब्दावर ते अडखळले नाहीत. वाचून झाल्यावर कागद टेबलावर ठेवला, कडा सरळ केली.

“उदाहरण चुकलंय,” ते म्हणाले.

“काय चुकलंय?” तिचा आवाज तिलाच परका वाटला. “तीनदा कळवलं नव्हतं? नकला आणल्यात मी.”

“तीनदा. ते बरोबर आहे.” ते तिच्याकडे न पाहता बोलत होते, कागदाकडे पाहून, कुठल्याही शुक्रवारी बोलत तसे. “शिडी चुकलीय. वर तूच लिहिलंयस, चाकाचं. वस्तू उभी असेल तर जेवढ्याने जीव घेतला तेवढंच. शिडी उभी होती.”

तिने कागद ओढून घेतला. वर बाबांचं चाक होतं, तिच्याच अक्षरात. खाली शिडी होती, तिच्याच अक्षरात. अकरा वर्षांत तिच्या नोंदीत असली चूक कुणाला सापडली नव्हती. नियम लिहिला तो बाबांच्या लेकीने, आणि दोन बोटं खाली येईपर्यंत रागाने टाक हातातून घेतला होता. रागाला अख्खी शिडी हवी होती. भिंतीसकट हवी होती. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

मोठे सर उठले. त्यांच्या खोलीतून किल्लीचा आवाज आला, मग खण ओढल्याचा. परत आले तेव्हा हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, हातभर लांब. त्यांनी ते टेबलावर ठेवून कागद उलगडला. कागद घडीवर फाटायला आला होता. बऱ्याचदा उलगडला असावा.

पायरी होती. तेलकट काळी, एका टोकाला चिरलेली, खिळ्याच्या भोकाभोवती गंज. मधोमध दोरा बांधला होता आणि दोऱ्यात एक चिठ्ठी. चिठ्ठीवर तारीख. बाकी काही नाही.

सुताराने ती जाळली असेल असं सगळे समजत होते.

“त्या दिवशी काका घाईत नव्हते,” मोठे सर म्हणाले. ते अजून उभेच होते. “घाई मला होती. मी खोके उतरवायला सांगितले. ते म्हणाले, मीच आज सुतार बोलावलाय, जेवायला गेलाय, तो आला की पायरी बसवेल, तासाभरात काढून देतो. मी म्हटलं, आत्ता हवंय. ते म्हणाले, बरं.” ते थांबले. “बूट काढून ठेवले त्यांनी. नीट, जोडीने. मग चढले. मी खाली उभा राहून घड्याळ बघत होतो. शिडी धरली नव्हती.”

घड्याळबाईंनी पेन्सिल उचलली होती, पण लिहीत नव्हत्या.

“लिहा,” मोठे सर त्यांना म्हणाले. “आजच्या इतिवृत्तात घ्या. त्या कागदावर घाई लिहिली ती माझी होती, असं घ्या. मी सही करतो.”

पेन्सिलीचा आवाज पुन्हा सुरू झाला. शंकासुर टेबलाच्या लाकडाकडे पाहत होते, आधार मागण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग मोठ्या सरांनी पायरी दोन्ही हातांनी उचलली आणि तिच्यासमोर सरकवली.

“ही तुझी. जायच्या आधी द्यायचीच होती. धीर होत नव्हता, तूच बरं केलंस.”

आणि तिने पाहिलं, पायरी हातातून सुटल्याबरोबर त्यांचे खांदे खाली आले. ओझं वाहून आलेल्या माणसाला कुणीतरी ओटा दाखवावा, तसे. त्यांनी लांब श्वास घेतला. खुर्चीत बसले. चेहऱ्यावर रंग परत येऊ लागला.

तिने पायरी हातात घेतली. फारशी वजनदार नव्हती. मध्यभागी लाकूड झिजून खोलगट झालं होतं. तीस वर्षं तिथे बाबांचा पाय पडत होता. तिने त्या खोलगट भागावरून अंगठा फिरवला.

“कोणता शब्द हवा होता?” तिने विचारलं.

“काय?”

“आत्ता हवाय म्हणालात तो. बाबा जो काढायला चढले. शब्द कोणता होता?”

मोठ्या सरांनी तोंड उघडलं. भिंतीवरच्या खोक्यांकडे पाहिलं, पहिल्या अक्षराची रांग जिथे सुरू होत होती तिथून डोळे सावकाश पुढे नेले. ओठ एकदा हलले. पुन्हा हलले. साऱ्या कोशात त्यांना ठाऊक नाही असा शब्द नव्हता, असं सत्काराच्या भाषणात लिहिलेलं होतं. पंखा फिरत राहिला. टेबलावरचा वर्तमानपत्राचा कागद एका कोपऱ्याने उडत होता, बसत होता.

“आठवत नाही,” ते म्हणाले.



तिने पायरी परत कागदात ठेवली. जुन्या घड्यांवरूनच कागद मिटला, फाटू नये म्हणून बोटाने दाबत, सावकाश. वरून दोरा घेतला आणि गाठ मारली. मनासारखी बसली नाही, म्हणून सोडली आणि पहिल्यापासून बांधली. तेवढा वेळ सगळे थांबले. मग ती गुंडाळी घेऊन त्यांच्या खोलीत गेली, उघड्या खणात ती ठेवली, खण लावला, किल्ली फिरवली. बाहेर येऊन किल्ली त्यांच्या हाताजवळ ठेवली.

मोठे सर किल्लीकडे पाहत राहिले. मग तिच्याकडे. खांदे पुन्हा वर चढले होते.

“अगं, ती तुझी आहे,” ते म्हणाले. आवाजातली घंटा गेली होती. “घेऊन जा. मी म्हणतोय ना.”

“उदाहरण दुरुस्त करून आणते, सर.” तिने शिक्का उचलला, शाईवर टेकवला आणि आपल्या कागदाच्या कोपऱ्यात नीट उमटवला. “तुम्ही थांबला होतात. नियमाने तळाशी जाईल.”

शंकासुरांनी मनातल्या मनात महिने मोजले. चौथं अक्षर त्याआधी पुरं व्हायचं नाही, म्हणजे सरांची निवृत्तीही नाही. या खेपेला त्यांनी शंका काढली नाही.

जाताना घड्याळबाईंनी इतिवृत्ताची प्रत तिच्या हातात दिली. सही ओली होती. त्यांनी कागद दोनदा फुंकला, मग तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला. एरवी त्या पाचच्या ठोक्याला निघत, त्या दिवशी पाच वाजून वीस मिनिटांनी घरी गेल्या. असं याआधी कधी झालं नव्हतं.

आई खिडकीजवळ बसली होती. लेकीने पर्स ठेवली, पाय धुतले, आणि समोर बसून तो कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवला. बूट जोडीने ठेवल्याचं आलं तेव्हा आईने खोल श्वास घेतला आणि तो बराच वेळ सोडलाच नाही.

“म्हणजे चष्म्यामुळे नाही,” ती म्हणाली.

“नाही, आई.”

“मी लवकर या म्हटलं म्हणून नाही.”

“त्यांना घाई नव्हतीच. तासाभराने काढतो म्हणाले होते.”

आईने चष्मा काढला. काचा पदराने पुसल्या, आधी एक, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. चष्म्याशिवाय तिचा चेहरा फार लहान दिसत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं. हाक विरून गेल्यावर तिने विचारलं, “आणि ती पायरी? आणलीस?”

“नाही. देत होते. त्यांच्याच खणात ठेवून आले.”

चष्मा आईने अजून डोळ्यांना लावला नव्हता. मांडीवर धरून बसली होती.

“जड आहे का गं?”

लेकीला आपल्या हातातलं ते हलकं लाकूड आठवलं, आणि मोठ्या सरांचे खांदे.

“आहे,” ती म्हणाली.

“मग असू दे त्यांच्याकडेच.”